शीण

आईचा फोन रोज रात्री सव्वानऊला येतो. बाबांचं जेवण, त्यांच्या गोळ्या, ओटा पुसणं हे सगळं उरकलं की ती पलंगाच्या कडेला टेकते आणि फोन लावते, फलटणहून पुण्याला, गेली कित्येक वर्षं यात खंड नाही. मागच्या डिसेंबरात एका मंगळवारी तो तसाच आला. मी नुकतीच बँकेतून आले होते, सोफ्यावर बसले होते, खांद्यावरची पर्सपण काढली नव्हती आणि एका पायात चप्पल तशीच होती. फोन समोर टीपॉयवर वाजत होता, स्क्रीनवर 'आई' आणि तिचा शेवंतीच्या कुंडीशेजारचा फोटो. हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर. आणि मी नुसती बघत बसले. कट केला नाही, आवाज बंद केला नाही, वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहितानासुद्धा जड जातंय. मला सुटल्यासारखं वाटलं.

आईच्या फोनमधून सुटल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "काल दमली असशील म्हणून परत केला नाही गं." हे 'दमली असशील' मला फार लागलं, कारण आमचं काही भांडण नव्हतं, मी कामात नव्हते, मला तिच्याशी बोलायचं नव्हतं असंही नव्हतं. पण हॅलो म्हटलं की 'जेवलीस का' येणार, मग 'आवाज का असा येतोय' येणार, त्याला उत्तर द्यायला आतून काहीतरी वर काढावं लागणार आणि आत काही शिल्लकच नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण शाळेत असताना वाक्यात उपयोग करून कितीदा लिहिली असेल, त्या रात्री ती पहिल्यांदा कळली.

आपल्याकडे या एका अवस्थेला किती शब्द आहेत, दमणं, थकणं, गळून जाणं, मरगळ, अंग मोडून येणं, त्राण नसणं, आणि शीण. माझी आजी हे शब्द एकमेकांच्या जागी कधी वापरायची नाही. रानातून आली की 'दमले बाई' म्हणायची, ओसरीवर भिंतीला पाठ टेकायची, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा, अर्ध्या तासात उठून चुलीपुढे. घरात लग्नकार्य झालं की तिचं अंग मोडून यायचं, त्याला शेक आणि एक दिवस झोप. पण ज्या वर्षी विहिरीच्या कर्जापायी घरात रोज बोलाचाली चालायची त्या वर्षी ती म्हणायची, 'शीण आलाय'. दिवसभर काही जड उचललेलं नसायचं तरी. मला लहानपणी वाटायचं की दमण्याचाच हा जुना शब्द असेल. आता वाटतं, नाही, ती दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होती. दमल्यावर झोप लागते आणि झोपेनं दमणं जातं. शीण आल्यावर झोप लागत नाही, लागली तर पहाटे तीनला मोडते, आणि सकाळी उठल्यावर माणूस रात्रीपेक्षा जास्त थकलेला असतो.

माझं तसंच झालं होतं. डाव्या डोळ्याची पापणी आठ-आठ दिवस फडफडत राहायची. दात रात्रभर आवळलेले, सकाळी जबडा दुखायचा. कर्जाच्या फाईलमधली एकच ओळ तीनदा वाचायची आणि चौथ्यांदा परत सुरुवातीपासून. घरातले आवाज टोचायला लागले, मिक्सरचा, लेकीच्या पेनच्या टिकटिकचा, अगदी पाऊस पत्र्यावर पडतो त्याचासुद्धा, जो मला सगळ्यात आवडतो. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर, तर पहिल्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून थांबायला लागायचं आणि कोणी वरून येत असेल तर फोन बघतेय असं दाखवायचे. रविवारी दुपारी चारनंतर पोटात गोळा यायचा. आणि दिसायला मी एकदम व्यवस्थित होते. साडीची पिन जागेवर, डबा वेळेत, रजा नाही. साहेब मीटिंगमध्ये माझं उदाहरण द्यायचे.

फोनच्या आधी, नोव्हेंबरात, अजून एक गोष्ट झाली होती. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना, पेन्शनर मंडळी सकाळी साडेनऊपासून शटरबाहेर उभी असतात, कोणी सुनेचा हात धरून, कोणी काठी घेऊन. आता अंगठा लावून 'जीवन प्रमाण' काढता येतं, पण म्हाताऱ्या माणसांचे अंगठे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. एक काका होते, त्यांचा अंगठा चार-पाच वेळा फेल गेला. ते बिचारे दरवेळी पँटला अंगठा पुसून परत ठेवत होते. आमच्या शाखेत तेव्हा तीन जागा रिकाम्या, समोर रांग, फोनवर ग्रुपमध्ये 'आजचा आकडा कळवा' चाललेलं, आणि मी जोरात म्हणाले, "काका, मागं किती लोक खोळंबलेत बघा तरी!" सगळी शाखा ऐकेल एवढ्या जोरात. ते म्हणाले, "सॉरी मॅडम." माझ्या बाबांच्या वयाचा माणूस मला सॉरी म्हणाला आणि मला काहीच वाटलं नाही. वाईटसुद्धा नाही. मी पुढचं टोकन दाबलं. वाईट वाटलं ते दोन दिवसांनी, भाजी चिरताना, आणि मग मला भीती वाटली की त्या वेळी का नाही वाटलं. मी या नोकरीत माणसांसाठी आले होते, मला खरंच आवडायचं, कुणाच्या पहिल्या ट्रॅक्टरची, पहिल्या घराची फाईल हातावेगळी करायला.

जानेवारीत नवऱ्यानं ओढतच डॉक्टरांकडे नेलं. आमचे नेहमीचेच फॅमिली डॉक्टर. मी आधीच सांगून टाकलं, डॉक्टर, स्ट्रेस आहे, झोपेची एखादी गोळी द्या. त्यांनी गोळी दिली नाही, प्रश्न विचारत बसले. किती महिने झाले, पाळी कशी आहे, किती दिवस जाते, चहा कधी पिता, जिना चढताना धाप लागते का, सुट्टीवर गेलं की बरं वाटतं का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी अजून आवडतात का. मग रक्त तपासायला पाठवलं. थायरॉईड नीट, शुगर नीट, बी-ट्वेल्व्ह काठावर, हिमोग्लोबिन ९.८ आणि फेरिटिन ७. म्हणजे अंगातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. डॉक्टर म्हणाले, "स्ट्रेस आहेच हो, पण सगळंच त्याच्यावर ढकलू नका." मी वर्षभर स्वतःला आळशी, ढिली, कमकुवत मनाची समजत होते आणि इकडे रक्तच पातळ झालं होतं. चाळिशीनंतर माझी पाळी आठ-नऊ दिवस जात होती, ते मी कुणाला बोलायची गोष्टच समजले नव्हते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये ॲनिमिया निघाला, निम्म्याहून जास्त, तरी आपल्याकडे बाईचं दमणं हे बाईच्या स्वभावात धरलं जातं. माझ्या आईचं कधी हिमोग्लोबिन तपासलं होतं का, मला आठवेना. याचा मला अजून राग येतो.

डॉक्टरांनी सांगितलं की जेवणावर लगेच चहा प्यायची सवय बंद करा, चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, सोनोग्राफी झाली, तिथले उपचार सुरू झाले. आणि बजावून सांगितलं की महिन्याभरात बरं वाटेल तेव्हा गोळ्या सोडू नका, साठा भरायला आणखी काही महिने लागतात. मार्च एंडिंगच्या गडबडीत एका रात्री मी जिना चढून दारात पोचले आणि लक्षात आलं की वळणावर थांबलेच नाही. नवऱ्याला हाक मारून सांगितलं. इतका आनंद मला प्रमोशनचा झाला नव्हता.

पण मे महिन्यात हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं तरी रविवारचा गोळा येतच होता.

म्हणजे दमणं गेलं होतं आणि शीण राहिला होता. हे वेगळं वेगळं दिसायला लागल्यावर मी त्याबद्दल वाचायला लागले. हान्स सेल्ये नावाचे डॉक्टर होते, मॉन्ट्रियलला, त्यांनी १९३६ मध्ये उंदरांवरचे प्रयोग मांडले. कुठल्या उंदराला थंडीत ठेवलेलं, कुठल्याला जखम केलेली, कुठल्याला ताकदीबाहेर पळवलेलं, त्रास वेगवेगळे पण शरीर देतं ते उत्तर एकच. पहिल्यांदा शरीर खडबडून जागं होतं. मग ते तगून राहतं. आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी कोसळतं. यातला दुसरा टप्पा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं, कारण त्या टप्प्यात उंदीर बरे दिसतात. आतले अवयवसुद्धा जवळजवळ पहिल्यासारखे दिसतात. त्रास चालूच असतो, शरीर भरत असतं त्याची किंमत, पण बघणाऱ्याला वाटतं याला सवय झाली. साडीची पिन जागेवर, डबा वेळेत, रजा नाही. मी त्या टप्प्यात बहुतेक तीन-चार वर्षं राहिले, बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, त्याला रोग म्हटलेलं नाही, कामाच्या जागेचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की होणारी अवस्था म्हटलंय. तीन खुणा सांगितल्यात. ताकद संपणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पहिली आणि तिसरी मला माहीत होती. दुसरी वाचली आणि ते पँटला अंगठा पुसणारे काका समोर उभे राहिले. मला वाटलं होतं मी वाईट माणूस झालेय. ही खूण आहे हे कळल्यानं बरं वाटलं, आणि लगेच हेही वाटलं की खूण माझी असली तरी ओरडा त्यांनी खाल्ला, त्यांना कुठली व्याख्या वाचायला मिळणार. नोव्हेंबरची मी वाट बघतेय. ते आले तर उठून बाहेर जाऊन त्यांना खुर्ची देणार आहे. येवोत फक्त.

मेमध्येच एका रात्री मी १४४१६ ला फोन केला होता, टेली-मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला. मैत्रिणीनं नंबर पाठवून तीन आठवडे झाले होते. पलीकडून एक मुलगी मराठीत बोलली, माझ्या लेकीपेक्षा फार मोठी नसेल. मी बाल्कनीत उभी राहून अर्धा तास बोलले आणि मला सारखं एकच वाटत होतं की आईचा फोन उचलवला नाही आणि या अनोळखी पोरीला मी सगळं सांगतेय. तिनं काही मोठा उपाय दिला नाही. तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही दिवसातून बसता कधी?" मी म्हटलं, अहो, बँकेत दिवसभर बसूनच असते. ती म्हणाली, "तसं नाही." मग आम्ही दोघी थोडा वेळ गप्प होतो.

जुलैमध्ये पालखीसाठी माहेरी गेले. आमच्याकडे तरडगावहून पालखी फलटणला येते, काळज, सुरवडी, निंभोरे, वडजल असा रस्ता. लहानपणी आम्ही मामाच्या ट्रॅक्टरमधून निंभोऱ्याच्या बाजूला पाण्याचे पिंप घेऊन जायचो. ते सगळं डोक्यात आहे, ओल्या मातीचा आणि तेलाचा वास, कडुलिंबाखाली पसरलेल्या घोंगड्या, भाकरी-पिठल्याच्या पंगती, पायाला तेल चोळत बसलेल्या बायका, शेजारी नीट टेकवून ठेवलेली तुळशी वृंदावनं. या वर्षी मी रस्त्याच्या कडेला उभी राहून एकाच माणसाकडे बघत होते. पंचविशीचा पोरगा, उंचापुरा, दंड भरलेले, मृदंग वाजवणारा असावा. त्याच्या अंगात एवढा जोर की न थांबता फलटण गाठलं असतं त्यानं. पण विसावा झाला तसा तो आडवा झाला, टोपी तोंडावर घेतली आणि दोन मिनिटांत झोपला. कोणी त्याला विचारलं नाही की तू दमलास का. त्यानंही कुणाला काही सांगितलं नाही. कर्णा वाजला तसा उठला आणि गळ्यात मृदंग अडकवला.

मी हे चाळीस वर्षं बघत आलेय आणि कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. पालखीचं वेळापत्रक आधी छापून येतं, सकाळचा विसावा कुठे, दुपारचं जेवण कुठे, दुपारचा विसावा कुठे, मुक्काम कुठे. पुण्यात दोन मुक्काम, सासवडला दोन. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट, सत्तरीच्या बायका ती चालून जातात, आणि त्यांचा विसावा कुणाच्या दमण्यावर अवलंबून नसतो, तो वाटेचाच भाग असतो. बेंदराच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे हळदीनं-तुपानं मळतात, तेव्हा बैलाला विचारत नाहीत दुखतंय का, धरूनच चालतात की वर्षभर जू वाहिलंय म्हणजे दुखत असणार. आणि मी मात्र विसावा कमवायची गोष्ट समजत होते. ही फाईल झाली की बसू. मार्च संपला की बसू. लेकीची दहावी झाली की. बाबांना थोडं बरं वाटलं की.

पुण्याला परत आल्यावर मी डायरीत दोन वेळा लिहिल्या, पावणेबारा आणि चार, दहा-दहा मिनिटं. साहेबांना आधीच सांगितलं की या वेळेला मी काउंटरवर नसेन, रांग असली तरी, फार घाबरत सांगितलं. ते 'बघा जमतंय का' म्हणाले. शाखेच्या मागं गुलमोहराखाली कठडा आहे तिथे जाऊन बसते. फोन ड्रॉवरमध्ये. पहिले पंधरा दिवस ती दहा मिनिटं नुसती चोरी केल्यासारखी गेली, पाय हलत राहायचे. आता कधी कधी मुंग्यांची रांग बघते. डबा कीबोर्डशेजारी खात नाही. ग्रुप रात्री साडेआठनंतर म्यूट. चहा चारनंतर नाही, कारण प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं चार-पाच तासांनीही रक्तात असतं असं कळलं आणि मी तर सातला कडक चहा पिऊन दहाला झोप का येत नाही म्हणून रडायचे. काही गोष्टी जमल्या नाहीत. पहाटे पाचचं चालणं आठ दिवसांत सोडलं, ते मला अजून एक टार्गेटच वाटायला लागलं. ध्यानाचं ॲप सोडलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत सगळं बिघडलं होतं, पापणी, जबडा, तीनची जाग, सगळं. आणि हेही मला ठाऊक आहे की गुलमोहराखालच्या दहा मिनिटांनी शाखेतल्या तीन रिकाम्या जागा भरत नाहीत. त्या भरायलाच हव्यात, ते माझ्या श्वासोच्छ्वासाचं काम नाही, आणि युनियनच्या पत्रावर पहिल्यांदा मी या वर्षी सही केली.

पालखी पुढे बरडकडे गेली त्या दुपारी आई आणि मी मागच्या पडवीत बसलो होतो, ती मेथी निवडत होती. बाबा आत झोपले होते, त्यांच्या पंख्याचा कुईकुई आवाज येत होता. सात महिने घशात अडकलेलं मी सांगून टाकलं. म्हटलं, आई, डिसेंबरात एकदा तुझा फोन आला होता ना, मी तिथेच होते, समोरच होता फोन, मी उचलला नाही. मुद्दाम नाही, पण उचलला नाही. ती मेथी निवडतच राहिली. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

मग म्हणाली, "माहितीये मला."

आणि थोड्या वेळानं, "मीपण वाजू देते कधी कधी तुझा. दुपारचा करतेस ना, तो. ह्यांना झोपवलं की मी नुसती बसते बघ तिथं. फोन वाजत असतो, दिसतंय तुझं नाव. उठवत नाही."

मला इतकी वर्षं वाटत होतं की ती दुपारी झोपते.

दुसऱ्या दिवशी मी तिला रक्त तपासायला घेऊन गेले, रिक्षात ती म्हणत होती मला काय धाड भरलीये, हिमोग्लोबिन ९.१ निघालं. बाबांजवळ आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी गल्लीतल्या एक ताई दोन-दोन तास येऊन बसतात, आई तेव्हा देवळात जाते, कधी जातच नाही, शेजारच्यांच्या ओट्यावर बसून राहते. आणि मंगळवारी रात्री आम्ही एकमेकींना फोन करत नाही, हे तिनंच ठरवलं. सव्वानऊ वाजतात, फोन टीपॉयवर असतो, वाजत नाही. मी चप्पल काढून, पाय वर घेऊन बसलेली असते, आणि मला माहीत असतं की तिकडे तीपण पलंगाच्या कडेला तशीच बसलीये.